बाबा महाराजांचे मृत्युपत्र

मी शिकवतो इतिहास. कायदा हा माझा विषय नव्हे. पण महाविद्यालयात चार बुके शिकवणाऱ्या माणसाला सगळेच समजते, अशी आपल्याकडे एक भाबडी समजूत आहे. त्यामुळे घरात कोणी गेले आणि ट्रंकेतून कागद निघाले, की 'सरांना एकदा दाखवू या' म्हणून शेजारपाजारची मंडळी येतात. असाच एक प्रसंग अलीकडे आला आणि त्यानेच मला आजचा विषय दिला.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ वारले. पत्नी आधीच गेलेली. मागे दोन मुलगे आणि एक लेक. घर त्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेले. तेरावा झाला आणि ट्रंकेत एक कागद सापडला. वहीचे साधे पान, अक्षर त्यांचेच. घर दोघा मुलांना निम्मे निम्मे, लेकीला आईच्या बांगड्या, असा मजकूर. खाली त्यांची सही आणि एका मित्राची साक्ष. तो मित्रही आता हयात नाही. साक्षीदाराची दुसरी जागा मोकळीच होती.

थोरला मुलगा मला म्हणाला, "सर, बाबांनी हे लिहिलं त्या आठवड्यात तुम्ही घरी येऊन गेला होतात. मग एवढी एक सही करा ना इथं. खोटं थोडंच आहे? अक्षर बाबांचंच आहे."

लेक कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "मला काही नको. पण बाबांनी काय लिहिलंय ते एकदा मोठ्यानं वाचा तरी."

त्या सहीचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. त्या रात्री मला आठवण झाली ती सव्वाशे वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या एका कागदाची. त्या कागदाने लोकमान्य टिळकांसारख्या माणसाला तेवीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावल्या. ती हकीकत आधी ऐका.

पण त्याआधी एक प्रश्न. मृत्युपत्र ही चीज आपल्याकडे आली कुठून? आपल्या धर्मशास्त्रात ती जवळजवळ नाहीच. दान आहे, वाटणी आहे, दत्तक आहे. पण 'माझ्या मरणानंतर माझी मिळकत अमक्याला जावी' असा कागद करून ठेवण्याची पद्धत नाही. याचे कारण आपल्या कुटुंबाच्या घडणीतच आहे. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' लिहिली, आणि महाराष्ट्रात वारसाच्या बाबतीत तिचाच शब्द मोठा मानला गेला. मिताक्षरेचे म्हणणे असे, की वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच निर्माण होतो. बाप हा त्या मिळकतीचा एकटा धनी नव्हे. मग जे आपल्या एकट्याचे नाही, ते मरताना दुसऱ्याला देणार कसे? पुढे सतराव्या शतकात नीलकंठ भट्टांनी काशीत 'व्यवहारमयूख' लिहिला. हे घराणे मूळ पैठणचे. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांत त्यांच्या ग्रंथाला मोठा मान. पण तिथेही वारसाचे नियम सापडतात, मृत्युपत्राचे प्रकरण सापडत नाही.

ते आले इंग्रजांबरोबर. कलकत्त्यातल्या धनिक हिंदूंनी साहेबांचे पाहून मृत्युपत्रे करायला सुरुवात केली. प्लासीच्या कटातला अमीचंद आठवतो ना? त्याचे १७५८ सालचे मृत्युपत्र हे हिंदूंच्या सर्वांत जुन्या मृत्युपत्रांपैकी एक म्हणून सांगतात. हळूहळू कोर्टांनी ही चाल मान्य केली, आणि मग कायदेही आले. १८६५ सालचा वारसा कायदा हिंदूंना लागू नव्हता. १८७० साली 'हिंदू विल्स अॅक्ट' झाला, पण तो मुख्यतः बंगाल आणि मुंबई व मद्रास ही शहरे एवढ्यापुरताच. १८८१ साली प्रोबेटचा कायदा आला आणि मुंबईबाहेरच्या माणसालाही जिल्हा न्यायाधीशाकडून प्रोबेट घेण्याची सोय झाली.

प्रोबेट म्हणजे काय? शब्दाचा अर्थच मुळी 'सिद्ध झालेले' असा. हे मृत्युपत्र खरे आहे, रीतसर झालेले आहे, आणि त्यात नेमलेल्या व्यवस्थापकाला, ज्याला आपण एक्झिक्युटर म्हणतो त्याला, मयताच्या इस्टेटीचा कारभार पाहण्याचा अधिकार आहे, असा कोर्टाचा दाखला. एवढेच, बरे का! मिळकत खरोखर मयताचीच होती की नाही, याचा निवाडा प्रोबेटात होत नाही. कागद सिद्ध होतो, मालकी नव्हे. हा भेद ध्यानात ठेवा. पुढच्या सगळ्या हकीकतीची मेख तिथेच आहे.

आता पुण्याला येऊ. वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज हे पुण्याचे पहिल्या दर्जाचे सरदार. कोल्हापूर संस्थानातही त्यांची मिळकत होती. टिळकांशी त्यांचा घरोबा. १८९७ हे साल पुण्याला कसे गेले ते आपल्याला ठाऊकच आहे. प्लेग, रँडचा खून, धरपकड. २७ जुलैला टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली मुंबईत अटक झाली. ४ ऑगस्टला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी त्यांना जामिनावर सोडले. पुण्याला येतात तोच बाबा महाराजांचे बोलावणे आले. महाराज पटकीने अंथरुणाला खिळले होते. ७ ऑगस्ट १८९७ रोजी ते वारले, आणि त्यांचे मृत्युपत्र झाले तेही त्या शेवटच्या घटकांतच.

मृत्युपत्रात व्यवस्थापक म्हणून टिळक, अमरावतीचे दादासाहेब खापर्डे आणि काही विश्वासू मंडळींची नावे होती. स्वतःवर राजद्रोहाचा खटला उभा असताना टिळकांनी मरणाऱ्या मित्राचे हे ओझे पत्करले. महाराजांची तरुण पत्नी, ताई महाराज, त्या वेळी गरोदर होती. मृत्युपत्राचा आशय असा, की मुलगा झाला तर तो वारस. मुलगा झाला नाही किंवा होऊन जगला नाही, तर व्यवस्थापकांच्या संमतीने तिच्या मांडीवर दत्तक द्यावा आणि तो वयात येईपर्यंत व्यवस्थापकांनी इस्टेट सांभाळावी.

पुढे सप्टेंबरात टिळकांना शिक्षा होऊन ते तुरुंगात गेले. १८९८ च्या आरंभी ताई महाराजांना मुलगा झाला. घराला वारस मिळाला; पण दोनएक महिन्यांतच तो मुलगा गेला.

आता त्या तरुण विधवेच्या जागी उभे राहून बघा. त्या काळच्या हिंदू कायद्याप्रमाणे मुलगा जन्मताच मिळकत त्याची झाली, आणि तो गेल्यावर त्याची वारस त्याची आई. पण हा वारसा कसला? हयातीपुरता. उत्पन्न खावे, कारभार बघावा, पण मोठ्या निकडीवाचून विकता येत नाही, मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही. आणि दत्तक घेतला, की तोही हक्क संपला. इस्टेट दत्तकाची, आईला पोटगी. म्हणजे दत्तक कोण घ्यायचा, हा तिच्या दृष्टीने नुसता कुळाचे नाव चालवण्याचा प्रश्न नव्हता. उद्या आपल्याला ताट कोण वाढणार आणि ते कोणत्या तोंडाने वाढणार, असा तो प्रश्न होता.

तसे पाहिले तर आपल्या मुंबई इलाख्यात विधवेला दत्तक घेण्याची पुष्कळ मोकळीक होती. नवऱ्याची आज्ञा हवी, असे वसिष्ठाचे वचन आहे. पण महाराष्ट्राकडच्या परंपरेने त्याचा अर्थ सैल केला होता. विभक्त कुटुंबात नवऱ्याने मनाई केलेली नसेल, तर विधवा स्वतःच्या अधिकारात दत्तक घेऊ शकत असे. बाबा महाराजांच्या मृत्युपत्राने नेमके तिथेच दार लावले: व्यवस्थापकांच्या संमतीवाचून नाही.

जून १९०१ मध्ये टिळक आणि खापर्डे ताई महाराजांना घेऊन औरंगाबादेस गेले. पंडितांच्या भाऊबंदांपैकी निधोण्याच्या शाखेतला जगन्नाथ हा मुलगा पसंत पडला आणि २८ जूनला दत्तविधान झाले. पुण्यास परतल्यावर वारे फिरले. कारभारात व्यवस्थापकांचा हात नको, असे सांगणारे सल्लागार बाईंभोवती जमले. २९ जुलैला त्यांनी प्रोबेट रद्द करण्यासाठी जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज केला, आणि १९ ऑगस्टला कोल्हापूरच्या शाखेतले बाळा महाराज यांना दत्तक घेतले. औरंगाबादेस दत्तविधान झालेच नाही, असे त्यांचे म्हणणे. एका मांडीवर दोन दत्तक. यातला खरा कोणता?

जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांच्यासमोर चौकशी चालली. टिळकांची जबानी आणि उलटतपासणी दिवसच्या दिवस झाली. ३ एप्रिल १९०२ रोजी अॅस्टनसाहेबांनी प्रोबेट तर रद्द केलेच, वर खोटी साक्ष, बनावट कागद असल्या आरोपांखाली टिळकांना फौजदारीत ओढले. प्रोबेटाबाबतचा तो हुकूम उच्च न्यायालयाने पुढे फिरवला, पण फौजदारी खटला उभा राहिलाच. २४ ऑगस्ट १९०३ रोजी खास नेमलेले मॅजिस्ट्रेट क्लेमंट्स यांनी टिळकांना दीड वर्ष सक्तमजुरी ठोठावली. सेशन्स जज्ज ल्यूकस यांनी जानेवारी १९०४ मध्ये ती सहा महिन्यांवर आणली. ४ मार्च १९०४ रोजी सरन्यायाधीश जेंकिन्स आणि न्यायमूर्ती बॅटी यांनी ती शिक्षा पार रद्द केली. राजद्रोहाची शिक्षा टिळकांना भूषण वाटत असे. खोट्या साक्षीचा कलंक हा मात्र त्यांच्या शीलावरचा घाव होता. तो धुऊन निघाला.

पण दत्तकाचा दिवाणी दावा चालूच होता. त्याचा निकाल लागायच्या आतच ताई महाराज वारल्या. १९०६ साली पुण्याच्या कोर्टाने औरंगाबादचे दत्तविधान खरे ठरवले. १९१० साली मुंबई उच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. त्या वेळी टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. शेवटी २६ मार्च १९१५ रोजी विलायतेत प्रिव्ही कौन्सिलने पुण्याचा निकाल कायम केला. लॉर्ड शॉ यांनी त्या निकालात एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले. एखाद्या साक्षीदाराला जुन्या कागदावरून खोटे पाडायचे असेल, तर तो कागद आधी त्याच्यापुढे ठेवून त्याला खुलासा करण्याची संधी दिली पाहिजे. पाठीमागून खोटारडा म्हणायचे नाही. आपल्या कोर्टांत आजही या निकालाचा आधार घेतला जातो.

तरीसुद्धा प्रकरण मिटले असे समजू नका. निकाल मिळणे वेगळे आणि मिळकत हाती येणे वेगळे. १९२० च्या जुलैत याच प्रकरणाच्या कामासाठी टिळक मुंबईस आले, सरदारगृहात उतरले, आजारी पडले आणि १ ऑगस्टला तिथेच त्यांनी देह ठेवला. ७ ऑगस्ट १८९७ ला दिलेला शब्द त्यांना शेवटच्या आजारपणापर्यंत पुरला.

ही हकीकत आपण नेहमी टिळकांच्या निश्चयाचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण मी वर्गात ती सांगतो तेव्हा एखादी मुलगी हमखास विचारते, "सर, पण ताई महाराजांचं काय?" पहिल्या वेळी मला उत्तर सुचले नव्हते. आता सुचते ते असे. ज्या बाईला आयुष्यभर केवळ सांभाळणारे मिळाले, कधी टिळकांसारखे सचोटीचे, कधी स्वार्थी, तिच्या हातात स्वतःचे असे काहीच नव्हते. व्यवस्थापक प्रामाणिक होते म्हणून कायदा न्याय्य होता, असे होत नाही.

तो कायदा बदलायला बराच काळ लागला. १९३७ साली डॉ. देशमुखांच्या प्रयत्नाने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाइतका वाटा मिळाला, पण तोही हयातीपुरता. हिंदू कोड बिल रखडले म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले. १७ जून १९५६ पासून हिंदू वारसा कायदा अमलात आला आणि त्याच्या १४ व्या कलमाने स्त्रीची मिळकत तिच्या पूर्ण मालकीची झाली. त्याच वर्षीच्या दत्तक कायद्याने ठरवले, की दत्तक आला म्हणून आधीच कुणाकडे गेलेली मिळकत त्याच्याकडून काढून घेता येणार नाही. ताई महाराजांच्या मांडीवरचे सगळे भांडण या दोन कायद्यांपुढे उभेच राहिले नसते. पुढे १९९४ साली आपल्या महाराष्ट्राने, आणि ९ सप्टेंबर २००५ पासून साऱ्या देशाने, वडिलार्जित मिळकतीत लेकीला जन्मतः हक्क दिला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. विज्ञानेश्वराचे तत्त्व राहिले. त्यात लेक आली, एवढेच.

मृत्युपत्राचे नियमही बदलले. बाबा महाराजांच्या काळी पुण्यासारख्या ठिकाणी हिंदूचे तोंडी मृत्युपत्रसुद्धा चालत असे. १ जानेवारी १९२७ पासून मात्र हिंदूचे मृत्युपत्र लेखी हवे, त्यावर करणाऱ्याची सही हवी आणि निदान दोन साक्षीदार हवेत. त्या साक्षीदारांनी मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष सही केलेली हवी. स्टँप लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. प्रोबेटचे म्हणाल, तर मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या शहरांत केलेल्या किंवा तिथल्या स्थावराबद्दलच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना १९२५ च्या वारसा कायद्याच्या २१३ व्या कलमाने ते सक्तीचे होते. पुण्या-नाशकाला नव्हते. म्हणून दादरच्या माणसाला प्रोबेट लागे आणि ठाण्याच्या माणसाला लागत नसे, असा घोळ वर्षानुवर्षे चालला. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ते कलमच काढून टाकले. आता सक्ती नाही. पण भाऊबंदकीची शंका असेल, तर स्वखुशीने प्रोबेट घेता येते.

मृत्युपत्र नसेल तर? बँकेतील ठेवी, शेअर्स यांसाठी वारसा प्रमाणपत्र, ज्याला सक्सेशन सर्टिफिकेट म्हणतात ते. सर्वसाधारण वारसदाखला मिळतो तो एलफिन्स्टनच्या काळातल्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली; जवळजवळ दोनशे वर्षांचा हा नियम आपल्याकडे अजून उपयोगात आहे. शेतजमिनीला तलाठ्याकडे वारसनोंद. आणि एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. शेअर्सवर ज्याचे नाव नॉमिनी म्हणून घातले तो मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये निःसंदिग्ध सांगितले आहे. नॉमिनीने वस्तू हातात घ्यायची, ती वारसांची म्हणून.

आता त्या वहीच्या पानाकडे येतो. साक्षीदार एकच. म्हणजे कायद्याच्या लेखी ते मृत्युपत्र नव्हेच. मृत्युपत्र नाही म्हटल्यावर १९५६ चा कायदा लागू, आणि त्याप्रमाणे दोन मुलगे आणि एक लेक यांचे तीन सारखे भाग. माझी एक सही त्या लेकीचा तिसरा हिस्सा पुसून टाकणार होती. त्या आठवड्यात मी त्या घरी गेलो होतो हे खरे. चहाही घेतला होता. पण हा कागद माझ्यापुढे लिहिला गेला नव्हता. ज्या आरोपाखाली टिळकांना नाहक कोर्टात उभे केले, तोच गुन्हा मी एका पेनाच्या फटकाऱ्यात खरोखरीचा केला असता.

मी सही केली नाही. का केली नाही ते थोरल्याला समजावून सांगितले. तो रागावला. धाकटा बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, "दादा, बाबांना दुसरा साक्षीदार आणता आला नसता का? हा कागद लिहून ते पुढे कितीतरी दिवस हिंडतेफिरते होते." याचे उत्तर कुणापाशीच नव्हते. कदाचित विसरले असतील. कदाचित त्यांचेच मन पुढे जाईना, असेही असेल. महिन्याभराने वारस म्हणून तिघांची नावे लागली. आईच्या बांगड्या मात्र भावांनी आपणहून बहिणीला दिल्या. कागदातली तेवढी इच्छा त्यांनी पाळली.

वाचकहो, मृत्युपत्र करणे हे अभद्र आहे, असे अजून पुष्कळांना वाटते. मला तसे वाटत नाही. पण करायचे तर धडधाकट असताना करावे. बाबा महाराजांसारखे शेवटच्या घटकेवर ठेवू नये. दोन साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान बघावेत, म्हणजे वेळेला ते सांगायला हयात राहतील. आणि ज्याला काही देणार नाही, त्याला ते आपण जिवंत असतानाच सांगण्याचे धैर्य ठेवावे. ते धैर्य होत नसेल, तर आपण लिहितो आहोत ते न्यायाचे नाही, असे खुशाल समजावे.